गाडी येईपर्यंतची ती दहा मिनिटे

दोन वर्षांपूर्वीची मार्गशीर्षातली पहाट. नाशिकची थंडी ती! नळाच्या पाण्याला हात लावावा तर बोटे बधिर होत होती. मी नुकतीच उठून चहाचे आधण ठेवले होते, तेवढ्यात मामंजींच्या खोलीतून हाक आली, "सूनबाई, जरा ओवा दे गं. छातीत भरल्यासारखं होतंय."

आदल्या रात्री घरात भजी झाली होती. झाले! निदान तिथल्या तिथे ठरले: गॅस. मग ओवा झाला, हिंगाचे पाणी झाले, खायचा सोडा झाला. सासूबाईंनी पाठीला तेल चोळले. शेजारच्या काकू येऊन "अहो, आमच्या यांनाही अस्संच होतं" असे सांगून गेल्या. मामंजींच्या कपाळावर घामाचे थेंब होते. एवढ्या थंडीत घाम! मला तो दिसत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. शेवटी साडेसातच्या सुमारास मामंजी स्वतःच्या पायांनी दोन जिने उतरले आणि रिक्षात बसले.

दवाखान्यात कार्डिओग्राम निघाला. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन विचारले, "त्रास कधी सुरू झाला?"

"पहाटे पाचला."

डॉक्टरांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. त्या न बोलण्यातच सगळे आले.

मामंजी वाचले. पण त्या अडीच तासांत हृदयाचा जो भाग गेला, तो गेलाच. रोज सकाळी गोदाघाटावर फिरून येणारे मामंजी आता जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबतात. मला ते एका शब्दानेही कधी बोलले नाहीत. पण ओव्याची बरणी हातात घेतली की अजून माझ्या पोटात खड्डा पडतो.

हे सगळे आज लिहायला एक कारण घडले. यंदा माझ्या बहिणीची मुलगी आमच्याकडे राहायला आली. आयुर्वेदाची पदवी घेतलेली, आणि आता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करायचे ठरवून त्याचे शिक्षण घेणारी. आपल्या राज्यात ही १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत ड्रायव्हर असतो, त्याला ही मंडळी 'पायलट' म्हणतात, आणि सोबत डॉक्टर असतो. फोन करायला पैसे पडत नाहीत, गाडीलाही पडत नाहीत. एवढे सगळे असूनही आम्ही त्या पहाटे रिक्षा शोधत होतो!

भाची रोज रात्री जेवणे झाली की वह्या घेऊन बसे. धाकटा तिचा पेशंट होई, दिवाणावरची गादीची उशी जमिनीवर ठेवून तिची 'छाती' होई. मी आपली भाजी निवडता निवडता ऐकत असे. आणि एके दिवशी लक्षात आले, की हिच्या वहीतल्या पहिल्या पन्नास पानांतले निम्मे तरी आपल्या स्वयंपाकघरातले आहे.

तिला म्हटले, "अगं, हे आम्हाला का नाही कुणी शिकवत?"

ती म्हणाली, "मावशी, खरं सांगू? गाडी कितीही वेगानं आली तरी पहिली दहा मिनिटं तुमचीच असतात. आम्ही येतो ते दुसऱ्या अंकाला."

पहिला धडा : आधी आपण शाबूत

रुग्णवाहिकेवर जाणाऱ्यांना अगदी पहिल्या दिवशी काय शिकवतात? नाडी पाहणे? नाही. इंजेक्शन? तेही नाही. पहिला धडा असा, की धावत सुटू नका. दाराशी दोन क्षण थांबा आणि बघा, इथे मला धोका आहे का?

न्हाणीघरात गीझरचा शॉक लागून कुणी पडले, की आपण धावत जाऊन हाताला धरतो आणि एकाच्या जागी दोन माणसे पडतात. आधी मेन स्विच बंद. तो हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने माणसाला तारेपासून दूर करायचे. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचे बटण लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही, कारण दोन्हीने ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारे उघडायची आणि फोन बाहेर जाऊन करायचा.

दुसरा धडा क्रमाचा. श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, रक्त कुठून वाहते आहे का. हात मोडला असेल, डोके फुटले असेल, कितीही आरडाओरडा चालला असेल, तरी आधी ह्या तीन गोष्टी. भाचीचे म्हणणे असे, की जो ओरडतो आहे त्याचा श्वास निदान चालू आहे. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी जावे. मला हे फार पटले. आपणही चार मुले पडली तर रडणाऱ्याला आधी उचलतो, नाही का?

दोन हात पुरतात

हृदय बंद पडले की मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. नाशिकच्या रहदारीत, मुंबई नाक्यावरून किंवा द्वारकेवरून कुठली गाडी चार मिनिटांत येणार? म्हणून ही वेळ घरातल्याच माणसाने सांभाळायची.

१९६० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर ह्या तिघांनी दाखवून दिले, की छाती न उघडता, नुसती बाहेरून दाबूनही शरीरात रक्त खेळते ठेवता येते. गंमत म्हणजे त्यांतले कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हतेच, विजेचे इंजिनियर होते. ह्याला कुठलेही यंत्र लागत नाही, दोन हात पुरतात, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. पुढे १९७० च्या दशकात सिएटल शहराने हे शिक्षण साध्या नागरिकांना द्यायला सुरुवात केली. दुकानदार, शिक्षक, गृहिणी, सगळे शिकले.

कृती अशी. माणूस हाक मारून, खांदे हलवून जागा होत नाही, आणि श्वास नाही किंवा मधूनच आचका दिल्यासारखा श्वास आहे. (हा आचका म्हणजे श्वास नव्हे, इथे पुष्कळजण फसतात.) लगेच कुणाला तरी १०८ लावायला सांगा. घरात एकट्याच असाल तर फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा. माणसाला गादीवरून जमिनीवर घ्या, मऊ गादीवर दाब वाया जातो. छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. आपल्या अंगाचा भार टाकून छाती दोन इंच खाली जाईल इतकी दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. शिकलेल्या लोकांनी तीस दाबांनंतर दोन श्वास द्यायचे असतात. न शिकलेल्यांनी नुसते दाबत राहिले तरी चालते, थांबायचे मात्र नाही. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा दुसऱ्याने जागा घ्यायची. मी उशीवर करून पाहिले. पोळ्यांची कणीक मळणाऱ्या हातांना जमते, पण घाम फुटतो.

"बरगडी मोडली तर?" सासूबाईंनी विचारले.

"आजी, मोडू शकते. पण मोडलेली बरगडी सांधता येते."

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत आडवी येते, ती स्पष्टच बोलायला हवी. सुनेने सासऱ्यांच्या छातीला हात कसा लावायचा? परक्या बाईची छाती परक्या पुरुषाने कशी दाबायची? हा संकोच आपल्याकडेच आहे असेही नाही. रस्त्यात किंवा बाजारात हृदय बंद पडलेल्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा ही मदत मिळते, असे परदेशातल्या अभ्यासांतही दिसले आहे. हे सांगताना भाचीचा आवाज चढला होता. "मावशी, लाज जिवंत माणसाला असते. आधी जीव, पदर नंतर." मामंजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "सूनबाई, माझी परवानगी आहे हो!" आम्ही सगळे हसलो, पण माझे डोळे भरून आले.

गॅस की हृदय?

आता माझ्या चुकीकडे येते. छातीवर कुणी बसल्यासारखे दडपण, ते डाव्या हातात, पाठीत, मानेत किंवा जबड्यात उतरणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, चेहरा पांढराफटक पडणे, ही हृदयविकाराची चिन्हे आहेत. आणि मैत्रिणींनो, आपल्या बायकांमध्ये छातीतली कळ कधी कधी पुढे येतच नाही. नुसता विलक्षण थकवा, मळमळ, पाठीत नाहीतर जबड्यात दुखणे, एवढ्यावरच निभावते. मधुमेह असलेल्यांतही तसेच. "आज जरा बरं नाही, पण कूकर लावून पडते," असे म्हणणारी बाई धोक्यात असू शकते.

असे वाटले तर माणसाला टेकून बसवावे, कपडे सैल करावेत आणि चालू देऊ नये. मामंजींना आम्ही दोन जिने उतरवले, ती दुसरी चूक. १०८ ला फोन करून लक्षणे सांगावीत. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, पण ती फोनवर डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन सोसत नसेल, पोटात व्रण असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर ती देऊ नये. सोड्याने बरे वाटले तरी "चला, गॅसच होता" म्हणून निजू नये. गॅस निघाला तर देवाची कृपा, फेरी फुकट गेली म्हणून कुणी रागावणार नाही.

अर्धांगवायूचेही असेच. हसायला सांगितले तर तोंड एका बाजूला जाते का? दोन्ही हात वर धरले तर एक खाली येतो का? बोलणे अडखळते का? तीनपैकी एक जरी असले तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि आधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. म्हणून जिथे स्कॅनची सोय आहे तिथेच न्यायचे. तोंडातून पाणी, दूध, औषध काहीही घालायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते.

द्राक्ष आणि चिवडा

नाशिक म्हटले की द्राक्षे आणि चिवडा. पाहुण्यांपुढे आपण दोन्ही कौतुकाने ठेवतो. पण अख्खे द्राक्ष दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसते, आणि चिवड्यातला शेंगदाणाही तसाच. पाच वर्षांखालच्या मुलांना द्राक्ष उभे चिरून चार फोडी करूनच द्यावे. शेंगदाणे कुटून द्यावेत. खाताना त्यांना पळू देऊ नये, हसवू नये.

घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तेच उत्तम औषध. आवाज बंद झाला, चेहरा निळसर झाला, तर वेळ घालवू नका. वर्षापुढचे मूल किंवा मोठा माणूस असेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. निघाले नाही तर मागे उभे राहून बेंबीच्या जरा वर मूठ ठेवा आणि आत व वरच्या दिशेने पाच हिसके द्या. पुन्हा थापा, पुन्हा हिसके. गरोदर बाईला पोटावर नाही, छातीच्या मधोमध दाब द्यायचा. वर्षाच्या आतले बाळ असेल तर पोट कधीही दाबू नये. हातावर पालथे, डोके खाली घेऊन पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने पाच दाब. आणि दिसत नसलेला घास बोट घालून चाचपू नका, तो आणखी खोल जातो. शुद्ध गेली तर जमिनीवर निजवून छाती दाबायला सुरुवात करा.

आजीच्या बटव्यातले काय सोडायचे?

आजीचा बटवा आपल्याला प्रिय आहे, आणि खोकल्याला आलं-मध मीही देते. पण अपघातात काही जुनी वळणे सोडायलाच हवीत. भाचीने सासूबाईंना पुढ्यात बसवून एकेक सांगितले, आणि सासूबाईंनीही मोठ्या मनाने ऐकले.

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बर्फ यांतले काहीही लावू नका. नळाखाली साधे वाहते पाणी, पूर्ण वीस मिनिटे. बांगड्या, अंगठी लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून न्या. साडीने पेट घेतला तर पळू नका, पळण्याने आग भडकते. जमिनीवर लोळा, नाहीतर जाड सतरंजी अंगाभोवती गुंडाळा.

फिट आली तर तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको, चप्पल तर मुळीच नको. हातपाय धरून ठेवू नका. आजूबाजूचे टोकदार सामान दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर चालली तर १०८.

औषधफवारणीचे विष पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत, घरोघरी फवारणीचे डबे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवा, पण स्वतःच्या हाताला लागू देऊ नका. बाटली सोबत न्या, तिच्यावरचे नाव डॉक्टरांना हवे असते.

साप चावला तर करकचून बांधणे, ब्लेडने कापणे, चोखणे, हे सगळे घातक. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. जोडवी, पैंजण, बांगड्या काढा. तो हात किंवा पाय मोडल्यासारखा समजून फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, आणि माणसाला चालू न देता न्या. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. विंचवाचेही तसेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा वापर करून शेकडो जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मंत्र टाकणाऱ्याकडे गेलेला वेळ ह्या औषधाच्या वाट्याचा असतो.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरा. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवा. उंचावरून पडलेल्या माणसाला "उठ, उठ" करून बसवू नका, मान हलू देऊ नका.

फोन कसा करावा?

हसू नका, फोन करणेही शिकावे लागते. राज्यभरातले फोन नियंत्रण कक्षात जातात, उचलणारी व्यक्ती आपल्या गल्लीतली नसते. "कारंजाजवळ या" म्हटल्यावर त्या बिचारीला कुठले कारंजे कळणार? म्हणून शहर, भाग, रस्ता, ठळक खूण, इमारत, मजला, असे मोठ्याकडून लहानाकडे सांगावे. मग काय झाले, किती जण आहेत, शुद्ध आहे का, श्वास आहे का. समोरच्याने ठेवायला सांगितल्याशिवाय फोन ठेवू नये. एकाला रस्त्याच्या तोंडाशी उभे करावे, रात्री जिन्यातला दिवा लावावा, लिफ्ट खाली धरून ठेवावी.

रस्त्यावर अपघात दिसला तर "पोलिसांचं लचांड नको" म्हणून आपण मान वळवतो. ते भय आता सोडावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातच आले. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आपल्या नाशिकला हे सांगायला हवे का? २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले. २००८ च्या जानेवारीत सप्तशृंगगडाच्या घाटात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून चाळीसच्या वर माणसे गेली. २०२२ च्या ऑक्टोबरात औरंगाबाद रोडवर भल्या पहाटे बस पेटून बारा जण गेले. अशा वेळी पहिले हात गाडीतल्या डॉक्टरचे नसतात, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे असतात. ज्या गावात बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, त्या गावातल्या बायकांना छाती दाबता यायला हवी की नको?

दाराच्या आत चिकटवा

आमच्या घरात आता एक कागद फ्रिजवर लावला आहे. त्यावर १०८, आणि पोलीस-अग्निशमनासाठी ११२. आमचा पूर्ण पत्ता, खुणेसकट, कारण घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही आठवत नाही. घरातल्या प्रत्येकाचे वय, आजार, रोजच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी. जवळचे कोणते रुग्णालय चोवीस तास चालू असते, कुठे स्कॅन होतो. खालच्या खणात एक डबा: स्वच्छ सुती कापडे, बँडेज, कात्री, चिकटपट्टी, टॉर्च, हातमोजे, जलसंजीवनीची पाकिटे. एवढेच. आणि हे वाचून सगळे येते असे समजू नका. महिला मंडळाने एखाद्या दुपारी रुग्णालयातल्या किंवा रेडक्रॉसच्या जाणत्या माणसांना बोलावून बाहुल्यावर सराव करून घ्यावा. भिशीची एक दुपार ह्या कामी गेली तर काय बिघडले?

तो कागद मामंजींनी स्वतःच्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिला आहे. रात्रीच्या जेवणाला ते नातवाची परीक्षा घेतात. "आजोबांना थंडीत घाम आला तर?"

धाकटा घास तोंडात असतानाच ओरडतो, "एकशे आठ!"

"आणि ओवा?"

"ओवा नाही!"

मग मामंजी माझ्याकडे बघून हसतात, आणि मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढते.